सुखीबाईची सांगड

गावात अनोळखी गाडी शिरली की सुखीबाई दार लावून घ्यायची. कापसाची ती वाईट सालं होती. दर आठ-पंधरा दिवसांनी पांढरकवड्याकडून एखादी गाडी धुरळा उडवत टाकळीघाटात यायची, तिच्यातून कॅमेरेवाले उतरायचे आणि रडणारी बाई शोधत घरोघर फिरायचे. बाई रडली तर फोटो, नाही रडली तर पुढचं घर. सुखीबाईचा नवरा काही कापसापायी गेलेला नव्हता. तो पैनगंगेत गेला होता, तोही तेवीस वर्षांपूर्वी. पण गाडीवाल्यांना एवढी चौकशी करायला सवड कुठली? कपाळ मोकळं दिसलं की त्यांचं काम झालं.

म्हणून त्या वर्षी दिवाळी उलटल्यावर एका सकाळी एकदम तीन गाड्या आल्या, तेव्हा ती अंगणातूनच ओरडली, "येथं रडनारी कोनी नाही भाऊ! समोरच्या घरी पाहा!"

"रडायचं नाहीये आजी," पहिल्या गाडीतून उतरलेली मुलगी म्हणाली. प्रियंका तिचं नाव, पुण्याची, पायात बूट आणि हातात वही. "आम्ही सिनेमा काढतोय. लहान मुलांचा. घरातल्या सगळ्यांनी मिळून बघायचा, मजेचा."

"टाकळीघाटात मजा?" सुखीबाईने पदर कमरेला खोचला. "बरं बापा. पाहू तं खरं."

आणि ती गेली पाहायला. तिची बारा वर्षांची नात रुपाली शाळा बुडवून आधीच पुढे पळाली होती.

नदीकाठच्या चिंचेखाली सगळं गाव जमलं होतं. सिनेमाचा मुख्य माणूस रजत, तिशीतला, दाढीवाला. त्याने लोकांना खाली बसवून गोष्ट सांगितली. अमेरिकेत फार जुनं एक पुस्तक आहे. त्यात मोठी नदी आहे, काठाकाठाने कापसाची शेतं आहेत आणि दोघं जण घरदार सोडून तराफ्यावरून पळून चालले आहेत. ते पुस्तक तो इकडे आणणार होता. नदी पैनगंगा, कापूस आपला, आणि पळणारे दोघं म्हणजे मुंबईची दोन गोड पोरं.

"तिकडंबी कापूस पिकते?" सुखीबाईने विचारलं.

"पिकतो की. त्या काळी तो वेचायला ते लोक माणसंच विकत आणायचे, आजी. गुलाम."

सुखीबाई थोडी पुढे सरकून बसली. मग म्हणाली, "मंग त्यातला कोनी पळाला नाही का?"

"जुन्या पुस्तकात त्यातलाच एक जण तराफ्यावर असतो."

"मंग चांगला हाय तुमचा सिनेमा," ती म्हणाली, आणि जणू तिच्या परवानगीवाचून काम अडलं होतं अशा थाटात उठली.

तराफा मुंबईहून ट्रकमध्ये आला होता. काय देखणा होता म्हणून सांगू! खाली थर्माकोलचे ठोकळे, वर बांबू, जुना दिसावा म्हणून त्यावर रंगाचे हात फिरवलेले. पोरं नुसती त्याला हात लावायला धडपडत होती. सुखीबाईनेही जवळ जाऊन पाहिलं. तिने रंग पाहिला नाही, बांबू पाहिले नाहीत. तिने वाकून गाठी पाहिल्या. नायलॉनचा पांढराशुभ्र दोर, माती लावून मळकट केलेला. तिने एक गाठ अंगठ्याने दाबली, ताठ झाली आणि गर्दीत नजर फिरवली. पलीकडे पांढरा सदरा आणि टोपी घालून विठ्ठलराव उभे होते. गावातला मोठा शेतकरी, शब्दाला वजन असलेला माणूस. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि मान नदीकडे वळवली.

आता हे दोघं एकमेकांकडे असे का पाहत होते ते सांगायलाच हवं.

सुखीबाईचा नवरा भोई. पूल व्हायच्या आधी पैनगंगेवर माणसं पार करायचं काम त्याच्याकडे होतं, आणि त्याच्या बापाकडे, त्याच्या आज्याकडेही होतं. नाव-होडी काही नाही, नुसती सांगड. मोठमोठे वाळलेले भोपळे बांबूच्या चौकटीखाली बांधायचे, वर फळ्या टाकायच्या, की झाली सांगड. कितीतरी नवऱ्यामुली, बाळंतिणी, आजारी म्हातारे त्या भोपळ्यांवरून आंध्राच्या काठाला गेले आणि सुखरूप परत आले. त्याचं नाव? सुखीबाईने ते लग्नापासून आजवर एकदाही घेतलेलं नाही. त्या पिढीच्या बायका नवऱ्याचं नाव तोंडातून काढत नसत. ती घेत नाही तोवर आपणही धीर धरू.

तेवीस वर्षांपूर्वीच्या पुरात ऐन उमेदीतले विठ्ठलराव पैलतीरी निघाले होते. सांगडीचा दोर अंबाडीचा. विठ्ठलरावांना तो जुना आणि गावंढळ वाटला. त्यांनी आदिलाबादेहून नवा नायलॉनचा दोर आणला होता. तोच लाव म्हणून ते हट्टाला पेटले. भोई नको नको म्हणाला, पण मोठ्या घरच्या माणसापुढे किती बोलणार? त्याने गाठी बदलल्या. सुखीबाई काठावर उभी राहून पाहत होती. मधल्या डोहात सांगड सुटली. भोयाने दोन भोपळे विठ्ठलरावांच्या छातीखाली सारून त्यांना काठाकडे ढकललं, आणि स्वतः मात्र आला नाही.

विठ्ठलराव गावात म्हणाले, "भोपळे फुटले. सांगडच कच्ची होती." मोठ्याचं बोलणं, लोकांनी मानलं. त्या दिवसापासून टाकळीघाटात एखादं काम फसलं की पोरंटोरंही म्हणायची, "भोयाची सांगड झाली!" सुखीबाईच्या समोर म्हणायची. तिच्या अंगाची लाही लाही व्हायची.

पूर ओसरल्यावर ती खाली तीन कोस काठाकाठाने चालत गेली होती. झाडाझुडपांत अडकलेले आठ भोपळे तिने गोळा करून आणले. आठही अख्खे. एकालाही तडा नाही. ते तिने चुलीच्या वर, धुरात टांगून ठेवले. घरात येणाऱ्याला ती पाणी द्यायची आणि वर बोट करायची. "फुटले म्हनते न गाव? पाहून घ्या." लोक पाहायचे, मान हलवायचे, आणि बाहेर पडल्यावर तेच बोलायचे.

तर त्या मुंबईच्या तराफ्यावर आधी सिनेमावालेच दोन जण चढले, पाणी कसं आहे ते बघायला. पन्नास पावलं छान गेले. मग दोर भिजला, पहिली गाठ सरकली, तिच्यामागे दुसरी, आणि थर्माकोलचे ठोकळे एक एक करून आंध्राकडे चालू लागले. पाणी छातीएवढंच होतं, म्हणून दोघं चालतच बाहेर आले, एकाचा बूट तेवढा नदीला गेला. गाव पोट धरून हसलं. "भोयाची सांगड झाली रे!" कोणीतरी ओरडलंच.

हसले नाहीत ते दोघंच. सुखीबाई आणि विठ्ठलराव.

रजत डोकं धरून बसला. मुंबईच्या पोरांच्या शाळेला आठ दिवसांचीच सुट्टी होती. नवा तराफा यायला तेवढे दिवस सहज लागणार. "गुंडाळा सगळं," तो म्हणाला. "दुसरीकडे कुठंतरी तलाव बघू."

"काहून?" सुखीबाई पुढे झाली. "तीन दिवस द्या मले. मी सांगड बांधून देईन."

"तुम्ही, आजी?"

"मंग काय माही नात? त्यायच्या हाताखाली पंधरा वर्सं गाठी मारल्या म्या."

विठ्ठलरावांनी घसा खाकरला. "रजतसाहेब, आयका माहं. भोपळ्यावर लेकरं बसवू नका. त्याच सांगडीनं इथं मानूस गेला. मी होतो न त्याच्यावर. भोपळे फुटले होते."

ही सांगड तरली तर तिच्या माणसाचा हात खरा ठरणार होता. आणि बुडाली, नुसती हलली-डुलली तरी, मग त्याच्या नावाला लागलेलं ते बोलणं तिच्या मागेही, रुपालीच्या मागेही, कायमचं राहणार होतं. हे सुखीबाईला कळत होतं. तरी ती मागे सरली नाही.

"तीन दिवस," ती पुन्हा म्हणाली.

आठ भोपळे पुरणार नव्हते. ती रुपालीला घेऊन डोंगरातल्या कोलाम आदिवासींच्या पोडावर, त्यांच्या वस्तीवर गेली. तिथे अजून वाळल्या भोपळ्यात पाणी ठेवायची चाल होती. तिथून दहा आणले. प्रत्येक भोपळा तिने पाण्यात दाबून धरला, बुडबुडा दिसतो का पाहिलं. दोन नापास केले. अंबाडीचा दोर मात्र तिने स्वतः वळला, मांडीवर, सोलवटून निघेपर्यंत. सेटवरचा सामानवाला नायलॉनचं नवं बंडल घेऊन आला. "आजी, हे घ्या ना, मजबूत आहे."

"मजबूत हाय, पन पान्यात गाठ धरत नाही," ती म्हणाली. "अंबाडी पानी पेते न, तशी गाठ आवळत जाते. हा तुमचा दोर पानी पेतच नाही. वल्ला झाला का निसटते. काल पाह्यलं नाही का?"

हे ती जरा मोठ्यानेच म्हणाली. विठ्ठलराव रोज चिंचेखाली येऊन बसत. तिचे हात चालताना पाहत. तिसऱ्या दिवशी तर त्यांनी पानाची चंची काढलीसुद्धा नाही.

चौथ्या दिवशी सकाळी सांगड पाण्यात उतरली. सोळा भोपळे, वर बांबू, त्यावर फळ्या. देखणी मुळीच नव्हती. पोरांपैकी एकाची आई मुंबईहून सोबत आली होती, ती पोराचा हात सोडेना. "मी नाही बसू देणार. ते काका म्हणतात ना, माणूस गेलाय म्हणून."

"बराबर हाय तिचं," सुखीबाई म्हणाली. "लेकरू हाय तिचं. पह्यले मी बसते." मग ती वळली. "आन माह्यासंगं विठ्ठलराव बसतीन."

"मी?" विठ्ठलराव उठून उभे राहिले. "मी कायले?"

"तवा तुमीच होतेत न सांगडीवर. दुसऱ्या कोनाले काय मालूम?"

गाव टकमक पाहू लागलं. नाही म्हणायची सोयच राहिली नव्हती. साठीच्या घरातला तो माणूस, त्याने चपला काढल्या, धोतर खोचलं आणि सांगडीवर पाय ठेवला. सुखीबाईने लांब बांबू रेटला आणि सांगड निघाली.

पाण्याने अंबाडी फुगली. गाठी करकचल्या. पायाखाली भोपळे एकमेकांना घासून कुरकुरत होते, आणि तो आवाज तिने तेवीस वर्षांनी ऐकला. डोहावर आल्यावर तिने बांबू तळाशी रोवून धरला. सांगड जागच्या जागी, ओट्यासारखी, थांबली.

"येथंच न?" तिने विचारलं.

विठ्ठलराव दोन्ही हातांनी फळी धरून बसले होते. "हाव."

"फुटला का एखादा?"

त्यांनी एक हात सोडून फळीखालचे भोपळे चाचपले. "नाही व सुखीबाई," शेवटी म्हणाले. "तवाबी नवता फुटला. दोर निसटला होता. माहा दोर." मग म्हणाले, "तुले मालूम होतं. तू काठावर होती. एवढे वर्सं काहून नाही बोलली?"

"बोलली तं. घरी येनाऱ्या हरेकाले भोपळे दाखवले. आयकलं कोनी? तुमचं बोलनं वाड्यावरचं आन माहं भोयाच्या बाईचं." तिच्या आवाजात धार होती, पण हात स्थिर होते. "त्यायनं तुमाले दोन भोपळे देल्ले, विठ्ठलराव. दोन. एक सोताले ठेवला असता तं घरी आले असते."

विठ्ठलरावांनी टोपी काढली आणि तोंडावर धरली. तिने त्यांना रडू दिलं. मग बांबू रेटला, पैलतीराला सांगड टेकवली, वळवली आणि सावकाश परत आणली.

काठावर टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या मुंबईच्या आईने स्वतः पोराला उचलून सांगडीवर बसवलं. रजत तर सुखीबाईच्या पायाच पडला. प्रियंका वही उघडून धावत आली. "आजी, शेवटी पडद्यावर सगळ्यांची नावं येतात. तुमचं द्यायचं. सांगा, पूर्ण नाव."

"माहं कायले? सांगड त्यायची हाय. हात तेवढा माहा. त्यायचं द्या."

"चालेल. काय नाव आजोबांचं?"

आता सुखीबाईच्या डाव्या हातावर, मनगटाच्या वर, ते नाव गोंदलेलं होतं. लग्नाच्या वर्षीच गोंदून घेतलेलं, हिरवं पडलेलं. कोणीही वाचलं असतं. रुपाली तर तोंड उघडतच होती, पण आजीने तिच्याकडे असे डोळे वटारले की पोरगी गप्प. मग सुखीबाईने पदर ओढून तो हात मनगटापर्यंत झाकून घेतला.

"आमी नाव नाही घेत, बाई," ती म्हणाली. "विठ्ठलराव सांगतीन. त्यायले पाठ हाय."

सगळं गाव विठ्ठलरावांकडे पाहू लागलं. ओल्या धोतराने ते अजून पाण्यातच उभे होते.

"मारोत्या," ते सवयीने म्हणाले. "भोयाचा मारो..." आणि थांबले. सुखीबाई हलली नाही, नुसती त्यांच्याकडे पाहत राहिली. त्यांनी टोपी नीट डोक्यावर ठेवली. "नाही. थांब, बाई. खोड ते. मारोतराव लिही. मारोतराव पचारे." मग गर्दीकडे वळून, कधी नव्हे इतक्या मोठ्याने म्हणाले, "आन आयका रे सारे! त्याची सांगड फुटली नवती. दोर माहा होता, म्या बांधाले लावला. त्यानं मले काठाले लावलं आन थो गेला. मी खोटं बोललो तेवीस वर्सं."

सुखीबाईने पदर सोडला, वाकून नदीचं पाणी ओंजळीत घेतलं आणि तोंड धुतलं. तिला फार दिवसांनी सणकून भूक लागल्यासारखं वाटलं. घरी जाऊन तिने दोन भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा खाल्ला, आणि रुपालीला म्हणाली, "आज तुले नाव सांगू देल्लं असतं न पोरी, तं माही सारी मजा घालवली असती तू!"

सिनेमा लागायला पुढची दिवाळी यावी लागली. पांढरकवड्याच्या टॉकीजमध्ये बाराच्या खेळाला टाकळीघाट लोटलं, काळीपिवळ्या जीपगाड्या भरभरून. विठ्ठलरावही आले, सगळ्यात मागे बसले. पडद्यावर पैनगंगा केवढी मोठी दिसत होती! दोन पोरं सांगडीवर उताणी पडून ढग मोजत होती, दोन्ही काठांवर कापूस फुटलेला, आणि तो पाहून कुणाच्याही कपाळाला आठी पडली नाही. पोरं धारेत सापडली, निसटली, एका बेटावर चोर पकडले, पुन्हा धारेत सापडली. दरवेळी सांगड पाण्यातून वर आली की टाकळीघाटाने शिट्ट्या मारल्या. सुखीबाई खुर्चीच्या कडेवर बसून गाठी पाहत होती. एकही सैल नव्हती.

सिनेमा संपला. दिवे लागले, दरवाजे उघडले आणि ऑपरेटरने मशीन बंद केलं. नेहमीची रीत, नावं कोण वाचतं? लोक उठून चपला शोधू लागले. सुखीबाईला कळेना. ती रुपालीला म्हणाली, "झालं? कुठी हायेत नावं?" पोरीचा चेहरा रडवेला झाला.

"ए ऑपरेटर!" मागून आवाज आला. विठ्ठलराव खुर्चीवर चढून उभे होते, साठीचा माणूस. "मशीन चालू कर! नावं राह्यले!"

वरच्या खिडकीतून डोकं बाहेर आलं. "कोनाचं नाव पाहाचं हाय, बापू?"

"मारोतराव पचारेचं!" विठ्ठलराव गरजले. कोणी विचारलं नव्हतं, तरी पुढचंही बोलले. "ज्यानं मले वाचवलं त्याचं!"

दिवे मालवले. नावं खालून वर सरकू लागली, शेकडो नावं. मुंबईची, पुण्याची, स्वयंपाक्यांची, गाडीवाल्यांची. मग रुपालीने आजीचा दंड घट्ट धरला. "आजी, हे! सांगड, असं लिवलं हाय, आन त्याच्या समोर!"

सुखीबाईला वाचता येत नव्हतं. तिने डावा हात पडद्याच्या उजेडात वर केला आणि गोंदणाशी एक एक अक्षर लावून पाहिलं. पहिलं जुळलं. दुसरं जुळलं. तिसरंही, एक वेलांटी सोडली तर, जुळलं. पण पडद्यावरचं नाव तिथे थांबत नव्हतं.

"पोरी," ती कुजबुजली, "माह्या हातावर तीनच हायेत. हे मांगचे दोन कायचे?"

"राव, आजी," रुपाली म्हणाली. "राव लिवलं हाय."

नाव वर वर जात छपराशी पोचलं आणि दिसेनासं झालं. सुखीबाईने हात खाली घेतला नाही. अंधारात, शेजारी बसलेल्या नातीला जेमतेम ऐकू जाईल एवढ्या आवाजात, लग्नानंतर पहिल्यांदा, तिने ते नाव घेतलं. मागच्या दोन अक्षरांसकट.